वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या पालकांचा स्वमदत गट कसा चालवावा?

मिरजकर_आई

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असल्याचे निदान तो पहिलीत असतानाच झाले. त्याच्या जोडीला मोठ्यांना सतत विरोध करणे, हातात येईल ती वस्तू फेकणे आणि धाकट्या बहिणीला मारणे हेही आहे. उपचार सुरू आहेत आणि डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्यामुळे कृपया उपचारांविषयी सल्ले देऊ नयेत, ही विनंती. माझा प्रश्न आम्हा पालकांविषयी आहे.

मुलांची थेरपी चालू असताना आम्ही चार-पाच आया बाहेरच्या बाकावर बसतो. कोणाच्या मुलाने लग्नाच्या पंगतीत काय केले, कोणाला सोसायटीकडून नोटीस आली, कोणत्या नातेवाइकांकडे जाणे कायमचे बंद झाले, हे सारे तिथे न लाजता सांगता येते. घरी मात्र ‘आईनेच लाडावून ठेवला’, ‘आमच्या वेळी दोन दिल्या की पोरं सरळ व्हायची’ आणि ‘एकदा उतारा टाकून बघा’ या तीन वाक्यांपुढे चर्चा सरकत नाही. त्या बाकावरच्या बोलण्यातून आपला एक गट असावा ही कल्पना निघाली आणि आम्ही उत्साहाने व्हॉट्सॲपवर तो सुरू केला.

दोन-तीन महिन्यांतच त्याचे रूप पालटले. एका ताईंनी मेंदू शांत करणाऱ्या कुठल्याशा काढ्याची जाहिरात टाकली. दुसऱ्यांनी आपल्या मुलाच्या उद्रेकाचा व्हिडिओ टाकला आणि तो कोणीतरी पुढे पाठवला. ज्यांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे त्या म्हणू लागल्या, ‘तुमचा किमान बोलतो तरी.’ त्यावर आमच्यापैकी काही जणी गप्पच झाल्या. एका आईने सासरविषयी लिहिलेला मजकूर तिच्या नणंदेपर्यंत पोहोचला, तेव्हा तर ती गटातून बाहेरच पडली.

तरीही गट नसावा असे मला वाटत नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांनी आपल्या संघटना उभारल्या आहेत. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये एका आईच्याच पुढाकाराने सुरू झाली. आमची अडचण वेगळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन वा गणित शिकण्यातील अडचण) हीही आहे, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे ज्यांच्या मुलाला केवळ एडीएचडी आहे त्यांना ना प्रमाणपत्र मिळते, ना तयार संघटना. मूल दिसायला धडधाकट असल्याने बाहेरच्यांच्या लेखी हा प्रश्न संस्कारांचा ठरतो, आणि संस्कार म्हटले की बोट आईकडेच जाते.

वेगवेगळी निदाने असलेल्या मुलांचे पालक एकत्र बसवावेत का? गट कोणी चालवावा, पालकांनी की एखाद्या समुपदेशकाने? मिरजेसारख्या गावात, जिथे प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीचा असतो, तिथे गोपनीयता कशी राखावी? ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

---

पंचगंगा

कोल्हापुरात आमचा गट गेली काही वर्षे महिन्यातून एकदा भरतो. तुमच्या गटाचे जे झाले ते आमच्याही पहिल्या गटाचे झाले होते, तेव्हा खचून जाऊ नका. फोनवरचा गट हा बैठकीची वेळ आणि जागा कळवण्यापुरताच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्या गटात केवळ संयोजकांनाच संदेश टाकता येतो आणि मुलांचे छायाचित्र वा व्हिडिओ टाकण्यास पूर्ण मनाई आहे. ज्या अवस्थेत आपण स्वतः कोणाला दिसू इच्छिणार नाही, त्या अवस्थेतील मुलाचे चित्रण दहा फोनांत साठवून ठेवण्याचा अधिकार आई-वडिलांनाही नाही.

निदाने एकत्र असावीत का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘बसण्यासाठी होय, सल्ल्यासाठी नाही’ असे आहे. थकवा, लाज, रात्रीची अपुरी झोप, नवरा-बायकोतील धुसफूस आणि दुर्लक्षित राहणारे दुसरे भावंड हे सर्वांचे सारखेच असते. उपाय मात्र सारखे नसतात. समजा, एखादे मूल दुकानात खेळण्यासाठी जमिनीवर लोळण घेते. तिथे आरडाओरड्याकडे लक्ष न देणे हा योग्य मार्ग ठरू शकतो, कारण त्या वर्तनामागे काहीतरी मिळवण्याचा हेतू असतो. त्याच दुकानात एखादे स्वमग्न मूल दिव्यांचा झगमगाट आणि लाउडस्पीकरचा आवाज असह्य झाल्याने कान झाकून किंचाळत असेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे त्याला त्रासात एकटे सोडणे होय. बाहेरून दोन्ही दृश्ये हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून ‘माझ्या मुलाला हे लागू पडले, तुम्हीही करा’ हे वाक्य आमच्या बैठकीत वर्ज्य आहे. त्याऐवजी त्या वर्तनाच्या अगोदर काय घडले, मूल नेमके काय करत होते आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले, एवढेच सांगायचे आणि विचारायचे. यातूनच पुष्कळदा आईला स्वतःला काहीतरी उमगते.

मग असा गट नेमका कोणत्या वेळी उपयोगी पडतो, हेही सांगते, कारण ‘मन मोकळे होते’ एवढ्यावर पालक फार काळ येत नाहीत. वर्तनचिकित्सेत एक जाणलेली गोष्ट आहे. रडून-ओरडून मिळणारी वस्तू मिळणे बंद झाले की सुरुवातीला ते वर्तन कमी न होता वाढू शकते. मूल अधिक मोठ्याने, अधिक वेळ ओरडते, क्वचित हातही उचलते. तज्ज्ञ हे अगोदर सांगतात, आईलाही ते पटलेले असते. पण प्रत्यक्षात त्या संध्याकाळी शेजारी दार ठोठावतात, आजी ‘दे ना गं, रडून रडून पोर निळं पडेल’ म्हणते आणि आई माघार घेते. आता मुलाने नवे काय शिकले? पूर्वीइतके ओरडून भागत नाही, यापेक्षा जास्त ओरडावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी आई-वडील आणि मूल एकमेकांना असे नकळत अधिकाधिक आक्रमक बनवत नेतात, याचे वर्णन दबावाचे चक्र म्हणून केले आहे. त्यांचे यावरील पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे चक्र तोडण्याचे दिवस एकट्या आईला निभावणे फार अवघड जाते. आमच्याकडे अशा वेळी त्या आईने कोणाला फोन करायचा हे बैठकीतच ठरलेले असते. फोन उचलणारीने सल्ला द्यायचा नसतो. ती फक्त लाइनवर राहते. माझ्या मते गटाचे सर्वांत मोठे काम हेच आहे आणि ते कोणताही डॉक्टर संध्याकाळी साडेसात वाजता करू शकत नाही.

गट पालकांनीच चालवावा. आम्ही सुरुवातीला दर वेळी एखाद्या तज्ज्ञांना बोलावत असू. त्यांचे बोलणे उत्तमच असे, पण पालक वह्या काढून विद्यार्थी होत आणि आपसांतले बोलणे बंद पडे. आता तज्ज्ञ वर्षातून दोनदाच येतात. संयोजक दोन असावेत, कारण संयोजकाच्याही घरी तसेच मूल आहे आणि कधीकधी नेमके बैठकीच्या दिवशी त्याचे बिनसते. तुलना करायची नाही, औषधाचे नाव व मात्रा सांगायची नाही, काहीही विकायचे नाही आणि ‘सल्ला हवा आहे का’ असे विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हे नियम दर बैठकीच्या आरंभी वाचून दाखवतो. दर वेळी तेच काय वाचायचे, असे काहींना वाटते. वाचले नाही की काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

जागेविषयी लिहायचे तर बैठक कोणाच्याही घरी नको, कारण यजमानीण चहा-पोह्यांत अडकते आणि घरातली माणसे दाराआडून ऐकत राहतात. आम्हाला एका शाळेचा वर्ग रविवारी मिळतो. शेजारच्या वर्गात समाजकार्य शिकणारे विद्यार्थी मुलांना सांभाळतात. ही सोय नसेल तर ज्यांना गटाची सर्वाधिक गरज आहे त्याच आया येऊ शकत नाहीत. वर्गाच्या दारावर गटाचे नाव लावलेले नाही. आमच्यातील दोघी-तिघी घरी ‘भिशीला जाते’ असे सांगून येतात आणि त्याबद्दल आम्ही कोणीही त्यांना काही विचारत नाही.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. वर आलेल्या मुद्द्यांत एक पर्याय जोडते. येथे ‘पेरेंट टू पेरेंट’ या नावाने चालणाऱ्या उपक्रमांत गट नसतोच. नवे निदान झालेल्या पालकाची गाठ त्याच मार्गाने आधी गेलेल्या एका अनुभवी पालकाशी घालून दिली जाते, आणि त्या अनुभवी पालकाला कसे ऐकावे, कुठे थांबावे याचे थोडे प्रशिक्षण आधी दिलेले असते. याची सुरुवात १९७१ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा शहरात झाली. जोडी लावताना निदानापेक्षा मुलाचे वय आणि घरातील अडचण जुळते का, हे पाहिले तर उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे. माझी जोडीदार गुजराती होती, तिच्या मुलाचे निदान माझ्या मुलापेक्षा वेगळे होते, पण दोघींच्याही घरी सासू-सासरे भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी येत असत. यापलीकडे काही समजावून सांगावे लागत नसे.

जिथे सर्व जण ओळखीचे आहेत अशा गावात जोडीची पद्धत गोपनीयतेच्या दृष्टीनेही सोयीची आहे. शेजारच्या तालुक्यातील पालकाशी जोडी लावल्यास भीती आणखी कमी होते.

---

विशेष शिक्षिका, सातारा

पंचगंगा यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त तज्ज्ञांना वर्षातून दोनदाच बोलवावे, या मुद्द्यावर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. व्याख्यानाने गट मरतो हे खरे. परंतु ज्यांना बैठकीबाहेर केव्हाही विचारता येईल असा एक तरी जाणकार गटाच्या पाठीशी हवा, कारण काही गोष्टी पालकांनी आपसांत हाताळायच्या नसतात आणि त्या कोणत्या, हे गट सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

मूल मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, घरात कोणावर सुरी वा जड वस्तू घेऊन धावत असेल, तर ‘आमच्याकडेही असेच व्हायचे, होईल ठीक’ हा दिलासा घातक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते; तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. त्याचप्रमाणे पालकाच्याच हातून मुलाला जबर मार बसत असल्याचे बैठकीत उघड झाले, तर गोपनीयतेचा नियम तिथे संपतो. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. नंतर सांगितल्यास तो विश्वासघात वाटतो.

दुसरी गोष्ट तितकी भयंकर नाही, पण ती नेहमी नजरेतून सुटते. आतापर्यंत बरे चाललेल्या मुलाचे वर्तन एकाएकी बिघडले, तर प्रथम शरीर तपासावे. ज्या मुलांना नीट सांगता येत नाही त्यांच्या बाबतीत दातदुखी, कानाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता यांचेच रूपांतर मारण्यात आणि डोके आपटण्यात झालेले मी पाहिले आहे. ऐकू कमी येणारे मूल आज्ञा पाळत नाही, म्हणून त्याला हट्टी ठरवले जाते. पालकांचा गट स्वभावतःच कारणे घरात, शाळेत आणि सासरी शोधतो. कान तपासून घ्या असे तिथे कोणाला सुचत नाही.

जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला असून तो जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मनुष्यबळ सर्व ठिकाणी सारखे नसते, तरीही खासगी थेरपीचा खर्च न झेपणाऱ्या पालकांनी तिथपासून सुरुवात करावी. तालुक्याच्या पातळीवर समावेशित शिक्षणाचे (विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचे) काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना गटाची माहिती द्या. ज्यांचे मूल थेरपीपर्यंत पोहोचलेलेच नाही, असे पालक तुमच्या बाकावर कधीच दिसणार नाहीत, आणि ते मिरज शहराबाहेरही आहेत.

---

मिरजकर_आई

सर्वांचे मनापासून आभार. फोनवर लाइनवर राहण्याची कल्पना मी काल आमच्यातील दोघींना सांगितली आणि त्या लगेच तयार झाल्या. शरीर तपासण्याचा मुद्दा तर आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हता.

आणखी दोन गोष्टी विचारते. आमच्या बाकावर एकही वडील नाहीत. ते गाडी लावून गाडीतच बसतात. त्यांना आणावे कसे? दुसरे असे की एका मुलाच्या शाळेने ‘पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा’ असे तोंडी सांगितले आहे. गटाने अशा प्रकरणात पडावे का, की तो केवळ एकमेकांना आधार देण्यापुरता ठेवावा?

---

नाशिकचा एक बाप

गाडीत बसणाऱ्यांपैकी मीही एक होतो, म्हणून लिहितो. ‘या आणि मन मोकळे करा’ या निमंत्रणावर आमच्यातील कोणीही येत नाही. आमच्या गटाने वडिलांना कामे दिली. वर्गाची किल्ली आणणे, मुलांना बैठकीच्या वेळी मैदानावर खेळवणे, कागदपत्रांच्या फाइली लावणे, ही कामे करताना चार बाप एकमेकांशेजारी उभे राहतात आणि मग मुलांकडे पाहता पाहता बोलणे निघते. समोरासमोर गोल करून बसवले असते तर ते निघाले नसते. बायका याला हसतात, पण चालले आहे. आजोबांसाठीही हाच मार्ग खुला ठेवावा. आजींचे मात्र वेगळे आहे. त्या एकदा आल्या की दुसऱ्या आजीचे ऐकतात, आणि सुनेने शंभर वेळा सांगून न पटलेली गोष्ट त्यांना तिथे पटते.

शाळेच्या बाबतीत गटाने जरूर पडावे, परंतु मोर्चा म्हणून जाऊ नये. आमच्याकडे त्या मुलाच्या आई-वडिलांसोबत गटातील एकच पालक जातो. तो बोलत नाही; चर्चेची टिपणे घेतो. टिपणे घेणारा माणूस खोलीत असला की सर्वांचीच भाषा सौम्य होते, पालकांचीसुद्धा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्गात बसवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मनाई कायम राहिली. म्हणूनच ‘दुसरी शाळा बघा’ हे नेहमी तोंडी सांगितले जाते आणि पालकांकडून दाखल्यासाठी स्वेच्छेचा अर्ज घेतला जातो. तुमच्या मैत्रिणीने असा अर्ज लिहून देऊ नये, आणि जे सांगितले ते लेखी मागावे.

त्याचबरोबर शिक्षकांची बाजूही गटात मांडली गेली पाहिजे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आपले मूल दिवसभर सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आमच्या एका बैठकीत पालक शाळांवर इतके तुटून पडले की त्यांच्यातच बसलेली एक आई, जी स्वतः शिक्षिका आहे, ती नंतर आलीच नाही. शाळेत जाताना मागण्यांची यादी नेण्याऐवजी पुढल्या बाकावर जागा, अधूनमधून वर्गाबाहेर पाठवण्यासाठी एखादे काम आणि रोजच्या तक्रारींऐवजी आठवड्यातून एकदा निरोप, अशा दोन-तीनच गोष्टी मागाव्यात. त्यांपैकी पहिली बहुतेक शाळा त्याच दिवशी मान्य करतात.

तो मुलगा सध्या कितवीत आहे आणि शाळा कोणत्या व्यवस्थापनाची आहे, हे कळवल्यास पत्राचा मसुदा करून देईन. मुलाचे व शाळेचे नाव येथे लिहू नका. व्यक्तिगत संदेश पाठवा.